दोन बटणांवर तीन बाजूंचा गोळीबार : 'गन.स्मोक'चं काम कुठवर आलं

जुन्या आठ बिटी टीव्ही गेमवर 'गन.स्मोक' मी नव्याने लिहितोय, त्याची पहिली लेव्हल आता खऱ्या मशिनवर सुरुवातीपासून बॉसपर्यंत, म्हणजे शेवटच्या मोठ्या शत्रूपर्यंत चालते. बॉस नुसताच उभा राहून मार खातो आणि संगीताचा पत्ता नाही, पण रस्ता सरकतो, माणसं येतात, गोळ्या लागतात. इतके दिवस हे सगळं फक्त मेसेन एम्युलेटरमध्येच (कम्प्युटरवर मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिसत होतं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. 'गन.स्मोक' हा कॅपकॉमचा १९८५ सालचा आर्केड गेम (नाणं टाकून खेळायच्या मशिनवरचा), योशिकी ओकामोतो यांनी केलेला. वाइल्ड वेस्टमधलं गाव, खालून वर जाणारा रस्ता, आणि डावीकडे, समोर, उजवीकडे गोळी मारायला तीन वेगळी बटणं. १९८८ मध्ये कॅपकॉमनेच तो एनईएसवर (निन्टेन्डोच्या आठ बिटी घरगुती मशिनवर) आणला, तेव्हा दहाच्या सहा लेव्हल केल्या, बंदुका विकणारी माणसं घातली आणि बॉसचं वाँटेड पोस्टर शोधायला लावलं. पोस्टर मिळालं नाही तर लेव्हल गोल गोल फिरतच राहते. घरी बसून खेळणाऱ्याला नाणं टाकायचं नसतं, त्यामुळे त्याला जास्त वेळ गुंतवून ठेवायला ही युक्ती चांगलीच आहे. पण मला हवाय तो आर्केडचा निर्दयपणा, तोही आपल्या जुन्या आठ बिटी टीव्ही गेमवर, म्हणजे एनईएसच्या नकलेवर. चित्रं आणि कोड सगळं स्वतःचं आहे. मूळ रॉममधलं (गेमच्या चिपमधल्या फाइलमधलं) काही उचललेलं नाही, त्यामुळे कृपया मूळ रॉम माझ्याकडे मागू नका.

आधी बटणांचं, कारण खरी मारामारी तिथेच होती. बी डावीकडे, ए उजवीकडे आणि दोन्ही एकदम दाबली की समोर, ही कॅपकॉमचीच सोय मीही ठेवली. कागदावर सोपी वाटते. भाच्याच्या हातात पॅड दिला तर त्याचा पहिला प्रश्न, "मामानू, समोरच्याक मारूचां कसां?" तो दोन्ही बटणं दाबतच होता. पण माणसाचा अंगठा दोन बटणं एकाच फ्रेमला (पडद्यावरच्या एकाच चित्राला) कधीच दाबत नाही. एक बटण फ्रेम-दोन फ्रेम आधी लागतं, तोवर तिरकी गोळी सुटून गेलेली असते.

सरळ उपाय म्हणजे पहिलं बटण लागल्यावर तीन फ्रेम थांबायचं आणि दुसरं येतंय का ते बघायचं. पण ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० फ्रेमच्या) मशिनवर तीन फ्रेम म्हणजे ६० मिलिसेकंद, आणि प्रत्येक गोळी तेवढी उशिरा सुटली की बंदूक मेल्यासारखी वाटते. म्हणून उलटं केलं. गोळी लगेच सोडायची, आणि पुढच्या तीन फ्रेममध्ये दुसरं बटण लागलं तर उडत्या गोळीचीच दिशा बदलून ती बंदुकीच्या रेषेत ओढून घ्यायची. गोळी एका फ्रेमला ४ पिक्सेल जाते, म्हणजे फार तर १२ पिक्सेलचा खोटेपणा. डोळ्याला तो अजिबात कळत नाही. भाचा आता समोरच्याला मारतो आणि माझा उद्धार करत नाही.

दुसरी भानगड पडद्याची. आर्केडचा पडदा उभा, २२४ रुंद आणि २५६ उंच. आपला आडवा, २५६ रुंद आणि २४० उंच, त्यातल्या १६ ओळी स्कोअरला गेल्या. म्हणजे उंचीत ३२ ओळींचा तोटा. फ्रेमला २ पिक्सेल वेगाने खाली येणारा माणूस १६ फ्रेम उशिरा दिसतो, जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा! नुसता आकडा म्हणून हे किरकोळ वाटेल, पण अशा गेममध्ये जगणं-मरणं त्यातच ठरतं. त्यामुळे वरून येणाऱ्यांचा वेग थोडा कमी केला आणि त्यांना पहिली गोळी जरा उशिरा झाडायला लावली.

रुंदीत मात्र ३२ पिक्सेल जास्त मिळाले आणि त्याने खेळ सोपा व्हायला लागला, कारण पळायला जागा वाढली. मग दोन्ही कडांना १६-१६ पिक्सेलची घरांची रांग उभी केली. मधला रस्ता बरोबर २२४ उरला. यात एक फुकटचा फायदा झाला. एनईएसवर पार्श्वभूमीचे रंग १६ बाय १६ च्या चौकोनाला एकच पॅलेट (रंगांचा संच) असे मिळतात, त्यामुळे घर आणि माती यांची सीमा आपोआप चौकोनाच्या कडेवर पडली. मातीसाठी मशिनच्या रंगयादीतले हेक्स ०७, १७, २७ या क्रमांकांचे तीन रंग घेतलेत. देवगडचा सडा (कातळाचं माळरान) एप्रिलात असाच दिसतो, संदर्भाला ॲरिझोनाचे फोटो शोधायची गरजच पडली नाही.

स्प्राइटचं (हलत्या चित्रांच्या ८ पिक्सेल रुंद तुकड्यांचं) गणित अजून चालू आहे. एकूण ६४, पण एका आडव्या ओळीत फक्त ८. नायक आणि गुंड प्रत्येकी १६ रुंद, म्हणजे ओळीत दोन-दोन. नायकाशेजारी तीन गुंड उभे राहिले की कोटा संपला आणि त्या ओळीतल्या गोळ्या गायब. स्प्राइटच्या यादीचा क्रम दर फ्रेमला फिरवून सगळंच लुकलुकतं ठेवायची जुनी पद्धत आहे, ती मी अर्धीच वापरली. शत्रूच्या गोळ्या आणि नायक यादीत कायम वर, ते कधी लुकलुकत नाहीत. न दिसलेल्या गोळीने मरणं ही फसवणूक आहे, असं माझं स्पष्ट मत. मेलेली माणसं आणि आपल्या स्वतःच्या गोळ्या लुकलुकल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय गुंड आता आडव्या रांगेत न येता तिरके येतात.

आपल्याकडच्या मशिनवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खऱ्या पाल (५० हर्ट्झच्या टीव्हीपद्धतीच्या) एनईएसला व्हीब्लँकमध्ये, म्हणजे दोन फ्रेममध्ये पडदा रंगवायचा नसतो त्या वेळात, ७० ओळींचा निवांत वेळ मिळतो. डेंडी जातीच्या ५० हर्ट्झच्या क्लोनवर (नकलेवर) मात्र एनटीएससीसारख्याच (६० हर्ट्झच्या टीव्हीपद्धतीसारख्या) २० ओळी, प्रोसेसरच्या साधारण २२७० सायकल. त्यातले ५१३ स्प्राइटच्या डीएमएला (स्प्राइटची यादी चित्राच्या चिपला पोचवायला) जातात. नवीन टाइलची (पार्श्वभूमीच्या तुकड्यांची) एक रांग आणि तिचे रंग उरलेल्यात बसतात, पण त्यावर हात सैल सोडता येत नाही.

आर्केडचा गेम घरच्या मशिनवर आणताना काय गाळायचं हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला होता. कोनामीचा 'सनसेट रायडर्स' आर्केडला १९९१ मध्ये चार नायकांचा होता. सेगाच्या मेगा ड्राइव्हवर दोनच उरले, निन्टेन्डोच्या सुपर एनईएसवर चारही आले. माझ्या मते नायक कमी केले तरी चालतं, बंदुकीच्या दिशा कमी केल्या तर तो गेम राहत नाही.

हार्डवेअरबद्दल फारसं नाही. खाऱ्या हवेने कार्ट्रिजच्या पिना हिरव्या पडतात, खोडरबर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हाताशी ठेवा. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून फ्लॅश कार्टवर (पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या कार्ट्रिजवर) लिहिताना मशीन इन्व्हर्टरवर.

पुढे घोडा. मूळ गेममध्ये घोडा मिळाला की तो काही मार आपल्या अंगावर घेतो, त्यामुळे तो हवाच. पण घोडेस्वार २४ रुंद केला तर ओळीतले तीन स्प्राइट खातो आणि वरचं सगळं गणित विस्कटतं. समोरून दिसणारा घोडा १६ पिक्सेलमध्ये घोडाच वाटेल की गाढव, हे आधी चौकटीच्या वहीत काढून बघतोय. कुणाकडे १६ रुंदीचा बरा घोडा असेल तर दाखवा.