नऊ दिवसांत एक पिशवी

रक्तपेढीकडे निघालेल्या मागणीपत्रावर मजकूर थोडा होता : ‘एक पीसीव्ही, तातडीने. हिमोग्लोबिन १०.४ वरून ८.६.’ पीसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींची रक्तपिशवी. सोबत लॅबसाठी तपासण्यांची वेगळी यादी : लोह, टीआयबीसी (रक्ताची लोह वाहण्याची क्षमता), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी), एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम), डायरेक्ट कूम्ब्ज (तांबड्या पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडींची तपासणी), शौचातलं अदृश्य रक्त. आयसीयूतल्या बाई एकसष्ट वर्षांच्या, वजन ४५ किलो, जुना मधुमेह, मूत्रपिंडाच्या संसर्गातून झालेला सेप्सिस (संसर्गामुळे अवयव बिघडण्याची गंभीर अवस्था). नवव्या दिवशी ताप उतरला होता, रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनालिन बंद झालं होतं, लघवी चांगली होत होती. बाई सुधारत असताना हिमोग्लोबिन का उतरतंय? आत कुठे रक्तस्राव होतोय का? आयसीयूतल्या डॉक्टरांची शंका रास्तच होती.

लॅबमध्ये मी स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेलं रक्त, बघितली. पेशींचा आकार आणि रंग नेहमीचा, फुटक्या पेशी नाहीत, स्फेरोसाइट (चेंडूसारख्या गोल झालेल्या पेशी) नाहीत. एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) भरती झाल्या दिवशी ८८ होता, आजही ८८. पेशी फुटल्या की वाढणारं इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं नाही. शौच काळं नाही, नाकातून पोटात घातलेल्या रायल्स ट्यूबमधून येणारं पाणी स्वच्छ. पेशी आत फुटत नव्हत्या आणि रक्त बाहेर पडत असल्याची खूणही नव्हती. तेव्हा आयसीयूचा चार्ट आणि लॅबच्या संगणकातली नोंद शेजारी शेजारी ठेवून मी या बाईंची सॅम्पलं मोजायला बसले.

सकाळी सहाला सीबीसीचा (रक्तपेशी मोजण्याचा) जांभळा बल्ब, म्हणजे रक्ताची नळी, ३ मिली, बायोकेमिस्ट्रीसाठी जेलचा पिवळा ४, रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी निळा सायट्रेटचा २.७, एबीजीची (धमनीतल्या रक्तातले वायू मोजण्याची) सिरिंज २ मिली. सगळं धमनीत घातलेल्या आर्टेरियल लाइनमधून. लाइनमधलं पहिलं पातळ झालेलं रक्त टाकून द्यावं लागतं, ते ३ मिली. झाले १४.७. संध्याकाळी निळा बल्ब सोडून बाकी तेच, म्हणजे १२. दुपारी आणि मध्यरात्री फक्त एबीजी, पण प्रत्येक वेळी टाकलेल्या रक्तासकट ५, म्हणजे १०. दिवसाचे ३६.७ मिली, नऊ दिवसांचे ३३०. दोनदा ताप चढला तेव्हा ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू वाढवून बघण्याचे) दोन-दोन सेट, प्रत्येकी दोन बाटल्या, बाटलीत १० मिली : आणखी ८०. शिवाय हिमोलाइज (पेशी फुटून खराब) झालेली आणि गुठळी झालेली सॅम्पलं परत मागवली, त्यांचे पंचवीस-तीस. एकूण ४४० मिलीच्या आसपास.

बाईंच्या वजनाला किलोमागे ६५ मिली धरलं, तर अंगात एकूण रक्त सुमारे २,९०० मिली. त्यातलं १५ टक्के आम्हीच काढलं होतं. १०.४ चे १५ टक्के म्हणजे दीड ग्रॅम. उरलेले दोन-तीन दशांश सलाइनने पातळ झाल्याचे. शिवाय सेप्सिसमध्ये अस्थिमज्जा दबलेली असते आणि लोह साठ्यात अडकून पडतं, त्यामुळे काढलेलं भरून यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो.

हे प्रमाण कळायला रक्तदानाचे नियम आठवावेत. आपल्याकडे ४५ किलोच्या दात्याकडून ३५० मिली घेतात, स्त्रियांकडून चार महिन्यांतून एकदाच, आणि हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर घेतच नाहीत. या बाईंना कोणत्याही शिबिरातून परत पाठवलं असतं. आजारी असताना त्यांच्याकडून नऊ दिवसांत त्याहून जास्त घेतलं गेलं, आणि त्यातलं बहुतेक बायोमेडिकल कचऱ्यात गेलं. सीबीसीच्या यंत्राला लागतं जेमतेम शे-दोनशे मायक्रोलिटर. बायोकेमिस्ट्रीच्या यंत्राला एका तपासणीला काही मायक्रोलिटर सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पिवळसर द्रव). ४ मिलीच्या बल्बमधून दोन मिलीच्या आसपास सीरम निघतं, आणि पंधरा तपासण्या करूनही त्यातलं बरंचसं उरतं.

आता त्या यादीकडे पुन्हा बघा. तिच्यासाठी आणखी दहा-पंधरा मिली रक्त गेलं असतं आणि निष्कर्ष काहीच निघाला नसता. संसर्गात फेरिटिन वाढतं आणि सीरम लोह उतरतं, शरीरात लोहाची कमतरता असो वा नसो. सेप्सिस चालू असताना हे आकडे वाचताच येत नाहीत. बी-१२ कमी पडून नऊ दिवसांत हिमोग्लोबिन असं उतरत नाही. रेटिक काउंट आणि एलडीएच मात्र उपयोगाचे होते आणि त्यासाठी नवी सुई टोचावी लागली नाही. रेटिक सकाळच्याच जांभळ्या बल्बमधून केला, एलडीएच फ्रिजमधल्या सीरमवर. रेटिक कमी, एलडीएच जवळजवळ नॉर्मल. म्हणजे पेशी फुटत नव्हत्या. इन्टेन्सिव्हिस्टना (आयसीयूतल्या तज्ज्ञ डॉक्टरांना) फोन केला, ते कागद बघायला खाली आले. एक पिशवीही लागणार नव्हती, कारण रक्तस्राव किंवा हृदयविकार नसलेल्या स्थिर रुग्णात हिमोग्लोबिन ७ पर्यंत उतरेतो थांबता येतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या चाचणीपासून हे मान्य आहे. मागणीपत्र त्यांनी तिथेच रद्द केलं.

एवढं रक्त काढायचं कुणी ठरवलं होतं? एका कोणी नाही. भरतीच्या रात्री ‘रोज सीबीसी, आरएफटी, इलेक्ट्रोलाइट्स, एलएफटी, पीटी-आयएनआर, सीआरपी’ असं लिहिलं गेलं, म्हणजे रक्तपेशी, मूत्रपिंड, क्षार, यकृत, रक्त गोठणं आणि दाह यांच्या तपासण्या. त्या रात्री ते बरोबरच होतं. पुढे ती ओळ रोज नव्या पानावर उतरवली गेली. पहिल्या तीन दिवसांत एलएफटी आणि पीटी नॉर्मल आले, रक्त पातळ करणारं औषध चालू नव्हतं, तरी निळा बल्ब रोज भरत राहिला. रात्रपाळीच्या आरएमओचीही (निवासी डॉक्टरचीही) अडचण समजून घ्यायला हवी : सकाळच्या राउंडला साहेबांनी आकडा विचारला आणि तो नसला, तर बोलणी त्यालाच बसतात. न पाठवलेल्या तपासणीबद्दल त्याला जाब विचारला जातो, जास्तीच्या तपासणीबद्दल कधीच नाही.

सोडियमचा घोळ तर समजून घेण्यासारखा आहे. एबीजीचं यंत्र सोडियम-पोटॅशियम देतंच, तरी त्याच तासाला पिवळ्या बल्बमधूनही ते मागितलं जाई. एबीजीवर १३७, लॅबमध्ये १४२. ‘फरक का? रिपीट पाठवा.’ फरकाला कारण आहे. एबीजीचं यंत्र रक्त पातळ न करता मोजतं, लॅबचं मोठं यंत्र आधी सीरम पातळ करतं. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) उतरलेलं असलं की पातळ करून मोजलेलं सोडियम खोटं जास्त येतं. या बाईंचं अल्ब्युमिन २.१ होतं. दहा वेळा रिपीट केलं असतं, तरी तो फरक तसाच राहिला असता. अशा रुग्णात एबीजीचा आकडा धरायचा आणि दुसरा मागवायचाच नाही.

मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचंही तसंच. १.३ चा १.४ झाला म्हणून संध्याकाळी पुन्हा. माणसाच्या अंगातला रोजचा चढउतार आणि यंत्राची चूक एकत्र धरली, तर १५ टक्क्यांच्या आसपासचा फरक काहीच सांगत नाही.

त्या दुपारपासून आयसीयूत ‘रोज’ हा शब्द बंद झाला. कोणतीही तपासणी २४ तासांपुरतीच, पुढची हवी असेल तर राउंडला नव्याने लिहायची, आणि निकालावरून काय बदलणार ते सिस्टरना ऐकू येईल असं बोलायचं. या बाईंना अमिकासिन हे मूत्रपिंडाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक चालू होतं, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रोज ठेवलं, फक्त सकाळी. सीबीसी एक दिवसाआड. एलएफटी आठवड्यातून दोनदा. पीटी बंद. सीआरपी बंद, त्याऐवजी जंतुसंसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन ४८ तासांनी, कारण ते शिखरापासून ८० टक्के उतरलं किंवा ०.५ च्या खाली गेलं की अँटिबायोटिक थांबवायचा विचार करता येतो.

बल्बही बदलले. लहान मुलांचे अर्ध्या मिलीचे बल्ब मागवायचा मोह होतो, पण ते यंत्राच्या रॅकमध्ये बसत नाहीत, बारकोड चिकटत नाही, हाताने एकेक उघडून लावावे लागतात आणि तिथे नावांची अदलाबदल होते. बाहेरून तेवढाच, १३ बाय ७५ मिलिमीटरचा, पण व्हॅक्यूम कमी असलेला २ मिलीचा बल्ब मिळतो, तो सोयीचा. कॅनडातल्याच २५ आयसीयूंमध्ये कमी रक्ताचे बल्ब वापरून झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्ताच्या पिशव्यांची गरज काही प्रमाणात घटलेली दिसली, आणि सॅम्पल अपुरं पडण्याची अडचण आली नाही. सायट्रेटचा बल्ब मात्र खुणेपर्यंत भरायलाच हवा. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटी लांबते आणि पुन्हा सॅम्पल लागतं.

आधी फोन, मग सुई, हेही ठरलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वेगळं केलेलं सीरम फ्रिजमध्ये असतं, त्यावर एलएफटी, एलडीएच, कॅल्शियम दुसऱ्या दिवशीही होतं. ईडीटीएवर (जांभळ्या बल्बमधल्या रक्तावर) सीबीसी २४ तासांपर्यंत चालते, स्मिअर मात्र पहिल्या काही तासांतच करावी. न फिरवलेलं सॅम्पल फ्रिजमध्ये ठेवू नये, पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपतं आणि खोटं वाढलेलं दिसतं.

बाईंचं हिमोग्लोबिन पुढे ८.५ च्या खाली गेलं नाही, पिशवी न लावता त्या घरी गेल्या. पण पुढच्याच आठवड्यात एका बाटलीत ३ मिली रक्त घातलेलं कल्चर आलं. रक्त वाचवायचं म्हणून कमी भरलं होतं. मोठ्या माणसाच्या रक्तात मिलीला एखादाच जंतू असू शकतो. बाटलीत ८ ते १० मिली नसेल तर जंतू हाती न लागण्याची भीती असते, आणि मग आंधळं अँटिबायोटिक चालू राहतं. तसंच मधुमेह बिघडून झालेल्या कीटोॲसिडोसिसमध्ये इन्सुलिन ड्रिप चालू असताना दर दोन ते चार तासांनी पोटॅशियम बघावंच लागतं. या दोन्ही सूचना आता सॅम्पल ट्रॉलीवर मोठ्या अक्षरांत लावल्या आहेत.