जांभ्याच्या खांबावर पितळी १५८

दिव्याची वायर सोडली तर गेटच्या खांबावर पितळी घर नंबर लावायचं काम पूर्ण झालंय, म्हणून आता सविस्तर लिहितोय. घर रत्नागिरीजवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. गडगा आणि गेटचे खांब जांभ्या चिऱ्याचे, गिलावा न केलेले. आमच्याकडे पत्ता वाडी आणि आडनावावर चालतो, घर नंबर घरपट्टीच्या पावतीपुरता. पण कुरिअरवाल्याला किंवा रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णवाहिकेला आडनावाचा काय उपयोग? नंबर रस्त्यावरून, तिन्हीसांजेला, पावसातही वाचता आला पाहिजे, ही एकच अट धरून सगळं ठरवलं. घराचं दर्शनी रूप त्यातूनच खुलतं, असं माझं ठाम मत आहे.

आकडे कापायला टाकण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा काढून नंबर ताडून घ्या. फेरआकारणीत नंबर बदललेला असू शकतो आणि पितळ काही खोडता येत नाही.

उंचीचा ढोबळ हिशोब असा: दर १० फुटांना १ इंच. रस्त्याची पलीकडची कड खांबापासून साधारण ४० फुटांवर, म्हणजे ४ इंच पुरले असते. पावसाळ्यातला अंधार धरून ६ इंच घेतले. वळण ‘मुक्ता’ फॉन्टचं. रेषेची जाडी जवळपास सारखी असल्यामुळे लांबून बारीक भाग गायब होत नाहीत. तरी ५ च्या पोटातली जागा थोडी मोकळी करून घेतली. पुठ्ठ्याचे आकडे कापून खांबावर चिकटवले आणि अंधार पडताना रस्त्यावरून पाहिले. १ आणि ५ मधलं अंतर पट्टीने समान ठेवलं की डोळ्याला फट मोठी वाटते, कारण १ खाली निमुळता होतो. ते अंतर डोळ्यानेच जुळवावं.

देवनागरी आकडे हवेतच, यावर घरात दुमत नव्हतं. पण आपली लिपी न येणारा माणूस १ ला 9 आणि ५ ला 4 समजू शकतो, म्हणून टपालपेटीवर छोट्या अक्षरात 158 सुद्धा आहे.

खरी गंमत पार्श्वभूमीची. पितळ जांभ्यावर पहिल्या आठवड्यात झकास दिसतं, पण काळवंडलं की तांबूस-तपकिरी दगडात विरघळून जातं. म्हणून मागे काळ्या कडप्प्याची फरशी घेतली: ४० × २० सेंमी, २० मिमी जाड, वजन सव्वाचार किलोच्या आसपास. स्टेनलेस स्टीलचाही विचार केला होता. खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडवर तांबूस डाग येतात, मॉलिब्डेनम असलेलं ३१६ बरंच टिकतं. पण संध्याकाळच्या उजेडात पितळाला जी ऊब असते ती स्टीलला नाही. ३१६ चे बोल्ट फक्त फरशी खांबाला धरण्यासाठी वापरले.

आकडे ६ मिमी पत्र्यातून फायबर लेझरवर कापले. साध्या सीओटू लेझरवर पितळ नीट कापलं जात नाही, किरण परततो. पाठीमागे ३.३ मिमीची आंधळी (आरपार न जाणारी) भोकं, त्यात एम४ चे (४ मिमी व्यासाचे) आटे आणि पितळेच्याच आटेदार काड्या. इथे लोखंडी काडी नको, खाऱ्या ओलीत गंज सुटून फरशीवर ओघळ येतात. आकडा आणि फरशी यांच्यामध्ये पितळी नळीचे १२ मिमीचे तुकडे घातले. पाणी मागून निथळतं आणि आकड्याची सावली पडून कडा उठून दिसतात.

कडप्पा भोकताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. पाण्याची धार धरून डायमंड बिट हळूहळू उतरवायचं, नाहीतर पापुद्रे सुटतात. जांभ्यातही हॅमर नकोच. चिऱ्याला जागोजाग पोकळ्या असतात, प्लास्टिकची गुल्ली आत नुसती फिरत बसते. भोक फुंकून धूळ पूर्ण काढायची, मग केमिकल अँकर (भोकात घट्ट होऊन बोल्ट धरणारं रसायन) भरून बोल्ट बसवायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. फरशीच्या वरच्या कडेला सिलिकॉन भरताना न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) मागून घ्या. व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि जवळचं पितळ हिरवं पडतं.

पितळावर लॅकर (पारदर्शक संरक्षक थर) मारलं नाही. खाऱ्या हवेत त्याला एक ओरखडा गेला की आतून काळे डाग पसरतात आणि मग सगळं खरवडून काढावं लागतं. त्यापेक्षा चिंच किंवा आमसूल लावून घासणं सोपं. पण कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट पाणी त्याची काळी झाक घालवतं. म्हणून घासताना आकड्यांमागच्या फटीतून प्लास्टिकचा कागद सरकवतो आणि खालपर्यंत सोडतो. नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं. मागे कागद सरकवायला मिळणारी फट हा नळीच्या तुकड्यांचा दुसरा फायदा.

आता राहिला दिवा. वरून खाली उजेड पाडणारा, आयपी६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारा), ३००० केल्विनचा (पिवळसर उबदार उजेडाचा) एलईडी घेतलाय. वायर चिऱ्यांच्या सांध्यातून खाच मारून आणायची आहे, म्हणजे दगड फोडावा लागणार नाही. गवंडी मोकळा झाला की मृगाच्या आत ती खाच मारून बुजवून घेतो.