तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला दुहेरीत कशाला खेळवता?

"मॅडम, हिला दुहेरीत कशाला गुंतवता? नाव होतं ते एकेरीतच ना?"

मी मुलींना टेनिस शिकवते. कोर्टाच्या जाळीपलीकडून हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. आईवडील पोटतिडकीने विचारतात. रॅकेट, तारा, स्पर्धांचे प्रवास, सगळं घरच्या पैशांतून चाललेलं असतं. म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं, आणि माझं उत्तर बार्शीपासून सुरू होतं.

प्रार्थना ठोंबरे बार्शीची. २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर तिने महिला दुहेरीचं कांस्यपदक मिळवलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. पण मला ती खरी दिसते बिली जीन किंग कपमध्ये. महिलांची ही सांघिक स्पर्धा १९६३ साली सुरू झाली. २०२०पर्यंत ती फेड कप म्हणून ओळखली जायची. विभागीय गटात दोन देशांची एक लढत म्हणजे दोन एकेरी सामने आणि शेवटी एक दुहेरी. एकेरीत १-१ झाली की सगळं त्या दुहेरीवर येतं. दोघी मुली कित्येक तास बाकावर बसून टाळ्या वाजवतात, अंग गार पडू देत नाहीत, आणि मग अचानक देशाचा निकाल त्यांच्या हाती येतो. या स्पर्धेत क्रमवारीचे गुणही मिळत नाहीत. तरी खेळाडू येतात.

एप्रिल २०१५ आठवा. सानिया दुहेरीत जगात पहिली आली आणि त्याच आठवड्यात हैदराबादला याच स्पर्धेत भारतासाठी खेळायला उतरली, तेही आशिया-ओशनियाच्या दुसऱ्या गटात, कारण भारत तेव्हा तिथे घसरला होता. दुहेरीत तिच्या जोडीला प्रार्थना होती. त्या आठवड्यात भारत पहिल्या गटात परतला. जगातल्या अव्वल खेळाडूच्या बाजूला उभं राहिलं की समोरच्या दोघी प्रत्येक चेंडू तुमच्याकडेच मारतात, हे दुहेरी खेळलेल्या कुणालाही विचारा. तिथे टिकणं हे वेगळंच कसब आहे.

पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिक. सानिया-प्रार्थना जोडीसमोर पहिल्याच फेरीत चीनच्या पेंग शुआई आणि झांग शुआई. ६-७, ७-५, ५-७. ती हार मला अजून बोचते.

२०२०मध्ये दुबईत भारत या सांघिक स्पर्धेच्या प्लेऑफसाठी, म्हणजे विभागीय गटापुढच्या टप्प्यासाठी, पहिल्यांदाच पात्र ठरला, त्या संघात प्रार्थना नव्हती. आपली ऋतुजा भोसले होती. अशा वेळी बरेच जण खेळ सोडतात. प्रार्थनाने सोडला नाही.

मग एप्रिल २०२५, पुणे, बालेवाडी, पुन्हा हीच स्पर्धा. मी माझ्याकडे शिकणाऱ्या चार मुलींना घेऊन गेले होते. श्रीवल्ली भामिडीपाटीने त्या आठवड्यात एकेरीचे पाचही सामने जिंकले, तिचं कौतुक व्हायलाच हवं होतं आणि झालंही. पण शेवटच्या दिवशी कोरियाविरुद्ध एकेरीत १-१ झाली, आणि अंकिता रैनाबरोबर कोर्टवर आली ती तिशीतली प्रार्थना. माझ्या मुलींना मी एवढंच सांगितलं होतं, चेंडूकडे बघू नका, जिच्याकडे चेंडू नाही तिच्याकडे बघा. जोडीदार सर्व्हिस करताना ती नेटजवळ कुठे सरकते, पाठीमागे बोटांनी काय खूण करते, गुण गेल्यावर आधी कोण कुणाकडे चालत जातं. दोघींनी सामना सरळ सेटमध्ये जिंकला आणि भारत दुसऱ्यांदा प्लेऑफमध्ये गेला. मी रडले, लपवलं नाही.

परतीच्या गाडीत माझी सगळ्यात अबोल मुलगी मागच्या सीटवरून पुढे वाकली. "मॅडम, दोघींच्या मधोमध आलेला चेंडू कुणी घ्यायचा, हे त्या आधी ठरवतात की तेव्हाच कळतं?"

सोलापूर येईपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.