वसतिगृहाच्या नोंदवहीसाठी आलेला अर्ज

बेळगावातील एका अनुदानित महाविद्यालयात मी कार्यालय अधीक्षक आहे आणि माहिती अधिकार कायद्याखालील जन माहिती अधिकाऱ्याचे कामही माझ्याकडेच आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज नेमणुका, अनुदान किंवा बांधकामाचा खर्च यांविषयीचे असतात. त्यामुळे दहा रुपयांच्या पोस्टल ऑर्डरसह आलेला तो कन्नड अर्ज मी पुन्हा एकदा सावकाश वाचला. खानापूर तालुक्यातून आलेल्या, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे सर्व सत्रांचे गुण, तिची हजेरी, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख आणि वसतिगृहातील तिच्या रजा-नोंदवहीची छायाप्रत अर्जदाराला हवी होती.

माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराला विचारता येत नाही. कारण न सांगण्याची मुभा कायद्याच्या कलम 6(2) ने त्याला दिली आहे आणि ती योग्यच आहे. परंतु रजा-नोंदवहीत मुलगी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाबरोबर बाहेर पडली आणि केव्हा परतली, हे सारे लिहिलेले असते. अशी माहिती सार्वजनिक हिशेबाच्या पावतीसारखी कोणाच्याही हातात देता येत नाही. माहिती त्रयस्थ व्यक्तीची असेल आणि ती उघड करण्याचा विचार होणार असेल, तर कलम 11 प्रमाणे 5 दिवसांत त्या व्यक्तीला लेखी सूचना द्यावी लागते आणि म्हणणे मांडण्यासाठी तिला 10 दिवस मिळतात. ती सूचना मी घरच्या पत्त्यावर न पाठवता वसतिगृहात तिच्या हातात पोहोचवली. कार्यालयाचा व्यवहार कन्नडमध्ये असल्यामुळे सूचना कन्नडमध्येच होती. मुलीचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झालेले असल्याने सोबत मराठी प्रतही जोडली.

मुलगी आपले म्हणणे मांडायला आली, त्याच दिवशी सकाळी तिचे वडील आणि काका कार्यालयात आले. अर्जदार हा चालून आलेल्या स्थळाच्या घरातला आहे, हे त्यांच्याकडूनच समजले. वडील रागावलेले नव्हते, उलट आर्जवाने बोलत होते. "मॅडम, मुलगी माझी आहे की. मीच द्या म्हणतोय, मग अडचण काय सांगा बघू," असे ते म्हणाले. मुलीची फी त्यांनी शेतीच्या उत्पन्नातून भरली होती, तिला तालुक्याबाहेर शिकायला पाठवले होते, आणि लग्न जमताना लपवाछपवी झाली असे कोणी म्हणू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही, म्हणून मी त्यांना बसवून घेऊन सविस्तर सांगितले. 18 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती आपल्या कायद्याने सज्ञान असते आणि तिची संमती तिनेच द्यायची असते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही पालकांच्या संमतीची गरज मुलांसाठी आहे, आणि मूल म्हणजे 18 वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती. अमेरिकेत तर शैक्षणिक नोंदींसाठी 1974 पासून स्वतंत्र कायदाच आहे. विद्यार्थी 18 वर्षांचा झाला किंवा महाविद्यालयात दाखल झाला, की नोंदींवरचा पालकांचा हक्क त्याच्याकडे जातो. आपल्याकडे केवळ महाविद्यालयीन नोंदींसाठी तसा कायदा नाही, परंतु 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो हक्क लग्नाच्या बोलणीपाशी येऊन थांबत नाही. काकांना हे पटले नाही. वडिलांनी मात्र "तिला विचारा मग" असे म्हटले आणि ते निघून गेले.

दुपारी मुलगी आली. तिने हरकत लिहूनच आणली होती; ती मोजक्या वाक्यांत आणि स्पष्ट होती. ती देऊन झाल्यावर तिने विचारले, "मॅडम, माझी फाईल मला तरी बघायला मिळेल का?" परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केले आहे, मग स्वतःच्या प्रवेशाची फाईल पाहण्यास कोणाची आडकाठी असणार? मी फाईल तिच्यापुढे ठेवली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका असे एकेक पान ती उलटत गेली आणि प्रवेश अर्जावर थांबली. संपर्काच्या रकान्यात तिच्या भावाचा मोबाईल क्रमांक होता. तासाला गैरहजर राहिल्याचा प्रत्येक संदेश इतकी वर्षे त्याच क्रमांकावर जात होता, आणि तिला त्याची कल्पना नव्हती. दवाखान्यात गेल्यामुळे तास बुडाला, त्या संध्याकाळी घरून उलटतपासणी कशी काय सुरू झाली, हे तिला तेव्हा उमगले. तिने तिथेच अर्ज लिहून स्वतःचा क्रमांक नोंदवायला सांगितला. मला त्या दिवशी सर्वांत जास्त अस्वस्थ याच गोष्टीने केले. बाहेरून आलेला अर्ज कायद्याने अडवता येतो, पण आमच्याच यंत्रणेतून कोणाचाही अर्ज नसताना रोज माहिती बाहेर जात होती.

अर्जदाराला मी वैयक्तिक माहिती उघड करण्यापासून सूट देणाऱ्या कलम 8(1)(ञ) चा आधार देऊन लेखी नकार कळवला. या मागणीत कोणतेही व्यापक सार्वजनिक हित दिसत नसल्याचे कारण त्यात नोंदवले आणि कायद्याप्रमाणे अपिलाची मुदत व अपिलीय अधिकाऱ्याचे पदनाम दिले. त्याने प्राचार्यांकडे अपील केले. तेही फेटाळले गेले.

पुढच्या प्रवेशाच्या वेळी अर्जात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या क्रमांकाचा रकाना पहिला आला, आणि पालकांना संदेश पाठवायचे की नाही, याबाबत सज्ञान विद्यार्थ्याची सही घेण्यास सुरुवात झाली. काही प्राध्यापकांना ही पद्धत अजूनही मान्य नाही. मुले मोकाट सुटतील, अशी भीती ते बोलून दाखवतात. मुलगा खरोखर संकटात असेल, आजारी असेल, तर घरी कळवण्यास कोणीच अडवत नाही, हे मी त्यांना प्रत्येक बैठकीत सांगते. शिष्यवृत्तीची यादीही आम्ही बदलली. नाव, जात आणि कुटुंबाचे उत्पन्न असे तीन रकाने असलेली ती यादी दरवर्षी सूचनाफलकावर सर्वांदेखत लागत असे. आता तिथे फक्त नोंदणी क्रमांक लावतो.