नळाला कुलूप

राखेचा बुधवार, रात्री साडेदहा

आजपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. संध्याकाळच्या उपासनेला चाळीसेक माणसं होती, बहुतेक बायका आणि म्हातारी. वाचन मार्कच्या पहिल्या अध्यायातलं होतं. बाप्तिस्मा झाल्याबरोबर पवित्र आत्म्यानं येशूला अरण्यात घालवलं, असं तिथे आहे. मत्तय याच जागी ‘नेलं’ म्हणतो. मार्क म्हणतो ‘घालवलं’, गोठ्याचं दार उघडून गुरं बाहेर काढावीत तसं. आणि तो तिथे वनपशूंच्या सोबत राहिला, हेही एकटा मार्कच सांगतो. लहानपणापासून हे ऐकत आले, पण आज त्या एका क्रियापदापाशी अडकले. पुढचा उपदेश कानावर पडला नाही.

उपासनेनंतर कमिटीची बैठक. पाऊण तास कंपाउंडच्या भिंतीवर गेला. ती दोन फूट वाढवायची, वर काचा लावायच्या की तार, खर्च कोणत्या खात्यातून करायचा. मग नळाचा विषय निघाला. चर्चच्या मागच्या पडीक वावरात दिवाळीनंतर ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहिल्या आहेत, पंधरा-सोळा असतील. पहाटे आणि दिवस मावळताना त्यांच्या बायकापोरी आपल्या नळावर हंडे घेऊन येतात. कुणी म्हणालं, मोटारीचं बिल वाढलं. कुणी म्हणालं, पायरीपर्यंत चिखल होतो आणि रविवारी पाहुणे येतात तेव्हा बरं दिसत नाही. ठरलं असं की नळाभोवती लोखंडी पेटी बसवून कुलूप लावायचं.

हात वर करायला सांगितले तेव्हा मी हात वर केला नाही. पण तोंडही उघडलं नाही. मिनिटबुकात मी हजर आहे आणि ठराव सर्वानुमते झाला आहे.

घरी येऊन भाकरी थापली, ह्यांना वाढलं, आणि आता झोप येत नाही. माझी पणजी महारवाड्यातली. गावच्या विहिरीत तिला पोहरा टाकता येत नव्हता. कुणाला दया आली तर वरून ओतायचं आणि हिनं लांबून घागर पुढे करायची. मिशनच्या बंगल्यावरच्या विहिरीतून तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाणी शेंदलं. आजी ही गोष्ट सांगायची. पणजीच्या बाप्तिस्म्याची हकिकत ती दोन वाक्यांत आटपायची, पण विहिरीची मात्र सावकाश सांगायची: दोर तळहाताला कसा करकचला, पोहरा वर येताना किती जड लागला, आणि काठावर पाणी सांडलं तेव्हा कुणीही ओरडलं नाही.

आमचं ख्रिस्ती होणं त्या विहिरीपासून सुरू झालं. आणि आज आम्ही नळाला कुलूप घेतलं.

गुरुवार

शाळेतून आल्यावर ‘उपासना संगीत’ हे आमच्या गीतांचं पुस्तक काढून बसले. सासऱ्यांची जुनी प्रत, पाठीला सुतळीचा टाका घातलेली. पान उलटावं तिथे कवी ना. वा. टिळक. आमच्या उपासनेची जीभच या माणसानं घडवली. आम्ही रडतो त्यांच्या शब्दांत, माती देताना गातो त्यांच्याच शब्दांत. पण त्यांनी शेवटी काय केलं, ते आमच्या रविवारच्या शाळेत कुणी शिकवत नाही. मला तरी कुणी शिकवलं नव्हतं.

१८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. घर तुटलं, बायको माहेरच्या माणसांत राहिली, पाच वर्षांनी तीही ख्रिस्ती झाली. पुढे अमेरिकन मराठी मिशनचं काम, नगरला शिकवणं, पाळकपदाची दीक्षा, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचं लेखन. सगळं मार्गी लागलेलं होतं. मिशनमध्ये जिवाभावाची माणसं होती, भांडण कुणाशी नव्हतं. आणि १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास पत्करला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला.

दरबार म्हणजे काय, तर ख्रिस्ताच्या शिष्यांचा एक भाऊबंद मेळा, त्यात बाप्तिस्मा झालेले बसतील आणि न झालेलेही. परदेशी पैशाचा टेकू नको. कीर्तन, अभंग, जमिनीवरची बैठक, आणि मधोमध ख्रिस्त. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि तो पूल त्यांनी कधी पाडला नाही. पण अर्धी मंडळी आजही त्या पुलाचं नाव घ्यायला कचरते.

मी किती वेळा विचार केला की हे त्यांना का सुचलं असेल. पंचावन्नाव्या वर्षी माणूस निवृत्तीचा हिशेब करतो. मी चोपन्नची आहे, माझा झाला आहे करून, वहीत आहे. टिळकांनी त्या वयात हिशेबाची वहीच मिटली. मला वाटतं त्यांना भीती वाटली असावी, ख्रिस्त कंपाउंडाच्या आत राहील याची. पगार आला की नियम आला, नियमाबरोबर कुंपण आलं, आणि कुंपणाच्या आत ख्रिस्ताची काळजी घ्यायला माणसं नेमली गेली. त्याची काळजी घ्यावी लागते, असं आपल्याला कधीपासून वाटायला लागलं?

दरबार फार चालला नाही. ९ मे १९१९ ला टिळक मुंबईत गेले. दोन वर्षंसुद्धा मिळाली नाहीत धड. आमच्यातले काही जण एवढ्यावरून म्हणतात की तो एका कवीचा लहरीपणा होता. मला हे पटत नाही. येशूचं काम तरी किती वर्षं चाललं? तीनच ना.

टिळकांच्या बायकोची, लक्ष्मीबाईंची आठवण तर आज सारखी येते आहे. कडक सोवळ्यात वाढलेली बाई. नवरा बाटला म्हणून जिनं वर्षं रडून काढली, तिला एक दिवस मनोमन उमगलं की जात देवानं केलेली नाही, माणसानं केली आहे. मग तिनं कुणाच्याही हातचं पाणी प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतर झाला, पाणी आधी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

शनिवार

परीक्षांचे पेपर तपासायचे राहिले आहेत. तरी हे लिहिते.

मागे महिला मंडळाबरोबर केडगावला निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो, दौंडवरून. पुष्कळ जणी फोटो काढत होत्या. मी छापखान्याबद्दल ऐकत उभी राहिले, आणि पंडिता रमाबाई पहिल्यांदा मला पुतळ्यातून खाली उतरल्यासारख्या वाटल्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या चर्चच्या माणसांशी वाद घालायला लागल्या. इतक्या कष्टानं एका पुरोहितवर्गाचं जू मानेवरून काढलं ते दुसऱ्याचं घ्यायला नव्हे, हे त्यांनी गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डीनना पत्रात बजावलं. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, मला कळेल अशी भाषा हवी, यावरही त्या अडून बसल्या. पंचवीस वर्षांची मुलगी, परक्या देशात, ज्यांच्या आसऱ्याला आहे त्यांच्याशीच वाद. आमच्या मंडळीत एखादी अशी बोलली तर आम्ही तिला उद्धट म्हणून गप्प बसवू.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. उपाशी, आजारी, कुणाच्या डोक्यात किडे पडलेले. जमीन घेतली, विहिरी खणल्या, माग टाकले, तेलाचा घाणा घातला. आणि १९०५ च्या जूनमध्ये त्याच मुलींवर पवित्र आत्मा उतरला. रात्र-रात्र प्रार्थना, मोठमोठ्यानं रडणं, पापांची कबुली. एका मुलीच्या अंगावर जाळ दिसला म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं सांगतात. बाहेरून आलेल्या कित्येकांना तो गोंगाट सोसवला नाही. रमाबाईंनी तो थांबवला नाही. ज्यांना जन्मभर गप्प राहायला शिकवलं होतं, त्या ओरडत होत्या. त्यांना कोण आणि कशाला थांबवणार?

त्या रानवट प्रार्थनेतून उठून त्याच मुली सकाळी घाण्यावर, मागावर, टाइप जुळवायला जात. साध्या बाईला वाचून कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि ते पुस्तक मुक्तीतल्या बायकांनी आपल्या हातांनी छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं.

आमच्याकडे हल्ली आत्म्याचा विषय निघाला की दोन तट पडतात. एकीकडे मोठा स्पीकर, कीबोर्ड, हात वर, डोळे मिटलेले. दुसरीकडे आमच्यासारखे, शांत, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. दोन्हीकडे मला काही तरी उणं वाटतं. केडगावात गोंगाट होता, पण त्या गोंगाटाच्या मुळाशी दुष्काळातून उचललेली पोर होती. ती पोर काढून घेतली की उरतो तो नुसता आवाज. आणि आमच्यासारख्यांच्या शांततेतून ती पोर काढली की उरते नुसती टापटीप.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटोही मनात येतात. कॅथलिक धर्मगुरू, झऱ्या-विहिरी आटवणाऱ्या टँकरांविरुद्ध आणि हिरवा पट्टा गिळणाऱ्या बिल्डरांविरुद्ध ‘हरित वसई’ घेऊन रस्त्यावर उतरलेले. २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्ही फार आनंदलो, पेढे वाटले. पण ते पाण्यासाठी भांडले होते, हे पेढे वाटताना आमच्यातल्या कितींना आठवलं असेल?

रविवार, उपवासकाळाचा पहिला

पहाटे साडेचारला चर्चकडे गेले. फुलं बदलायची पाळी माझी होती, पण एवढ्या लवकर जायचं कारण ते नव्हतं.

नळावर एक बाई हंडा भरत होती. बीडकडची असावी बोलण्यावरून. मला बघितल्याबरोबर तिनं अर्धाच हंडा उचलला आणि म्हणाली, “झालंच बाई, जाते.” कुणी तिला काही बोललं नव्हतं. मी तर अजून फाटकातच होते. तरी तिचे हात चोरी पकडल्यासारखे घाईला आले.

माझ्या पणजीचे हात असेच असतील.

“भरून घ्या, काही घाई नाही,” म्हटलं. तिचा विश्वास बसायला वेळ लागला. मग चार शब्द बोलली. दिवाळीला गाव सोडलं, धाकटं पोर बरोबर, थोरली गावी आजीपाशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत इथून हलता येत नाही. पाच वाजता टोळी निघणार, दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री कधी गाडी आली तर पुन्हा भरायला जायचं. “इथलं पाणी लई गोड हाय,” ती जाता जाता म्हणाली.

नऊच्या उपासनेत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी. हल्ली प्रत्येकाला वेगळा छोटा प्याला असतो, आरोग्याच्या दृष्टीनं ते बरंच आहे. पण या जिल्ह्यात पहिल्या ख्रिस्ती लोकांनी एकाच प्याल्याला ओठ लावले तेव्हा त्यात महार होते, मांग होते, ब्राह्मणही होते. त्या काळी ते काय असेल याची मला आज पहिल्यांदा धडकी भरली. घरादारानं, गावानं वाळीत टाकायला तेवढा एक घोट पुरे होता. तो प्याला आम्ही लहान-लहान करून वाटून घेतला आणि आता त्यानं कुणाचंच काही बिघडत नाही.

बुधवार

बैठकीत बोलले. आवाज कापत होता. ठराव पुन्हा विचाराला घ्यावा म्हटलं आणि पणजीची गोष्ट सांगितली, दोर करकचल्यापासून पाणी सांडण्यापर्यंत सगळी. दोघांनी माना खाली घातल्या. एक जण म्हणाले, “ताई, ते दिवस वेगळे होते.” मी म्हटलं, “त्या कोपीत नाहीत वेगळे.” मोटारीचं वाढीव बिल मी माझ्या पगारातून देईन असंही सांगितलं. हे सांगायला नको होतं असं आता वाटतं, कारण प्रश्न बिलाचा नव्हताच.

पाळकसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, विषय ईस्टरनंतर घेऊ. ईस्टरपर्यंत टोळ्या परत गेलेल्या असतील, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. कुलूप कागदात गुंडाळलेलंच कपाटात ठेवलं. एवढंच झालं.

बाहेर आल्यावर आमच्यातले सगळ्यांत वयस्कर काका चपला शोधत होते. तरुणपणी गावोगाव ख्रिस्ती कीर्तनात झांज धरायचे. म्हणाले, “रविवारी संध्याकाळी नळापाशी बसू. मी झांज आणतो.”

रविवार, दुसरा

सहा जण जमलो. कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. नळ चालू होता, हंड्यांची रांग होती. काकांनी टिळकांचा अभंग धरला, जुन्या चालीवर. पाळकसाहेब उशिरा आले, खुर्ची शोधली, मिळाली नाही, आणि खाली बसले.

दुसऱ्या कडव्याला टाळ्यांचा ठेका मागून आला. बघितलं तर तीच बाई, हंडा नळाखाली तसाच ठेवून, उकिडवी बसलेली. शब्द तिला माहीत नव्हते. चाल माहीत होती. ती तिच्या गावच्या भजनातली होती, तुकोबाची, आणि ती आम्हा सगळ्यांपेक्षा नेमक्या जागी टाळी देत होती. काकांनी तिच्याकडे बघून झांजेची लय वाढवली. पोरं गोळा झाली. एकानं झांज मागितली, काकांनी दिली.

तिचा हंडा कधीच भरला होता आणि पाणी काठावरून वाहत होतं. ती उठली नाही. मीच उठून नळ बंद केला आणि येऊन तिच्याशेजारी बसले.