मामांची एमएम ५४० पुन्हा रस्त्यावर आणताना

मामा गेल्यावर त्यांची जीप मला द्यायची, हे मामींनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. १९९१ सालची महिंद्रा एमएम ५४०, डिझेल. गगनबावड्याजवळ त्यांच्या गोठ्यामागच्या शेडमध्ये ती काही पावसाळे नुसती उभी होती, आणि गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. भंगारवाला वजनावर भाव करून गेला होता. मामी म्हणाल्या, "तुझ्या मामांनी ह्या गाडीतनं निम्म्या गावाला दवाखान्यात पोचवलंय. वजनावर नाही जायची ती."

पाना हातात घ्यायच्या आधी मी कागद हातात घेतले. वारशाने गाडी आलेल्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि मामांच्या आजारपणात ते राहून गेलं होतं. मालक वारल्यावर नाव बदलायला फॉर्म ३१ असतो. त्याने गाडी आधी मामींच्या नावावर केली, मग २९ आणि ३० भरून माझ्या. नूतनीकरणासाठी फॉर्म २५, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. १ एप्रिल २०२२ पासून मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० झालं. माझं काम त्यात बसलं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० पडतात, तेव्हा आता हात घालणाऱ्यांनी तो आकडा धरूनच चालावं.

कागदांइतकाच महत्त्वाचा चासी नंबर. तपासणीत निरीक्षक तो आरसी पुस्तकाशी, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकाशी ताडून पाहतात, पेन्सिलने छाप घेतात. गंजलेल्या चासीवर ग्राइंडर फिरला की नंबर कायमचा जातो. म्हणून त्या जागेला मी दुसऱ्या कुणालाही हात लावू दिला नाही. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून रात्रभर दाबून ठेवली, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासलं, वरून खडू चोळला. खोलगट आकड्यांत पांढरं भरत गेलं आणि एकेक आकडा पुस्तकाशी जुळला, तेव्हा मला खात्री पटली की ही गाडी उभी राहणार.

टेम्पोत घालून ती कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरला आणली. क्रँक ग्राइंडिंगपासून ड्रम टर्निंगपर्यंत सगळं तिथे हाकेच्या अंतरावर होतं. मिस्त्री वयस्कर, अशा जीपवरच हयात गेलेली. खाली सरकून त्यांनी चासीवर हातोडीने ठोकत ठोकत आवाज ऐकला. शॅकलच्या हँगरपाशी, म्हणजे पाटे चासीला टांगतात तिथे, आवाज बद्द आला, बाकी खणखणीत. बाहेर येऊन म्हणाले, "हाडं भक्कम हायत दादा, मांस तेवढं गळालंय."

इंजिनाचा निर्णय मात्र सोपा नव्हता. ह्या जीपमध्ये मुळात प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीचं एक्सडीपी ४.९० बसवलेलं असतं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४.९०, क्षमता २,११२ सीसी. ओळखीतले बरेच जण म्हणाले, हे काढ आणि महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाक, ओढही जास्त आणि सुटे भागही स्वस्त. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण पुस्तकात इंजिन नंबर आहे, परवानगीशिवाय इंजिन बदलता येत नाही, आणि कंपनीच्या मूळ रचनेला सोडून फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी मला प्यूजोच हवं होतं. त्याचा मऊ आवाज आम्ही भावंडं घाटाखालून ओळखायचो.

ते जाम झालेलं आहे की नुसतं आखडलंय, हे आधी बघायचं होतं. अशा वेळी स्टार्टर मारून बघण्याचा मोह टाळावा. मिस्त्रींनी हीटर प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलं, ते मुरू दिलं आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने रेटलं. कुरकुरत का होईना, फिरलं. उघडल्यावर पाण्याच्या वाटा गंजाच्या गाळाने भरलेल्या निघाल्या. लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सगळं नवं घेतलं. क्रँक ग्राइंड झाला. पंप आणि नोझल डिझेलवाल्याकडे जाऊन आले. गंमत अशी की इंजिनाला मिलिमीटरचे पाने लागतात आणि ॲक्सल-चासीला इंची. १९४७ मध्ये महिंद्राने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, तो अमेरिकन वारसा ह्या नटबोल्टांत अजून शाबूत आहे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; मिस्त्री साडेचार सुती पाना मागतात तेव्हा नऊ सोळांश इंच द्यायचा, हे त्यांच्या हाताखालचं पोरगं बघता बघता शिकलं. मीही शिकलो.

ब्रेकवर मी एक पैसा वाचवला नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, पाइप, लायनिंग, सगळं नवं. ड्रम चारही चाकांना असल्यामुळे समायोजन नीट नसेल तर गाडी एका अंगाला ओढते. किंगपिनची, म्हणजे पुढची चाकं ज्या खुंटीवर वळतात तिची, बेअरिंगं झिजली की ठरावीक वेगाला पुढची चाकं थरथरायला लागतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. टाय रॉडची टोकं बदलून, किंगपिनला शिम (पातळ चकत्या) घालून ते बसवलं. इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. ब्रेक गेला तर थांबत नाही. म्हणून रंगाचे पैसे पुढे ढकलले तरी चालतील, हे नाही.

पत्राकाम कंटाळवाणं आणि महागडं. फ्लोअर आणि मागचे कोपरे कापून नवा पत्रा लावला, नुसती लांबी (पुट्टी) फासून झाकू दिलं नाही. मागच्या बाकाखाली दुधाचे कॅन बांधायला मामांनी दोन कड्या वेल्ड करून घेतल्या होत्या. पेंटरने त्या उडवायला ग्राइंडर लावला, तेव्हा त्याला थांबवलं. कड्या आहेत तशाच राहिल्या, वरून रंग तेवढा मारला. चकचकीत क्रोम, रुंद टायर, वर दिव्यांची रांग, ह्यातलं काहीही केलं नाही. कामाची गाडी कामाचीच दिसावी, असं मला वाटतं.

चाचणी सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर घेतली. फोर-व्हीलचा लिव्हर डांबरी रस्त्यावर टाकायचा नाही, हे नव्याने जीप घेणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण घसरून मोकळा व्हायला रस्ता भुसभुशीतच लागतो. सड्यावर ओला जांभा आणि चिखल होता. आधी फोर-व्हील, मग लो (वेग कमी, ओढ जास्त), पहिल्या गिअरला टाकून क्लच सोडला आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता जीप चढ चढून वर आली. मिस्त्री मागे चालत येत होते, ते वर पोचेपर्यंत मी इंजिन बंदच केलं नाही.

उजव्या पुढच्या नकलचं, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याचं, सील अजून तेलाने ओलावतं. ते बदलायला नकल उतरवावी लागते, तेव्हा भाताची कामं उरकल्यावर ते करायचं ठरलंय. हूड, म्हणजे वरचं कापडी छप्पर, शिवायला टाकलाय, नवी नंबरप्लेट बसलीय, आणि नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी झालीय.