आमची वाटचाल : डबल क्लिकवर उघडणारा रिपोर्ट

पुण्यात आम्ही तिघांनी काम सुरू केलं तेव्हा सेलेनियमच्या, म्हणजे वेबसाइट आपोआप चालवून तपासणाऱ्या साधनाच्या, स्क्रिप्ट लिहून देणं एवढाच धंदा होता. टेस्ट फेल झाली की स्क्रीनशॉट आणि लॉग मेलने पाठवायचा. समोरून उत्तर ठरलेलं, "आमच्याकडे तर चालतंय." मग फोनवर तास तास जायचे.

2020 मध्ये मायक्रोसॉफ्टचं प्लेराइट हे तशाच कामाचं साधन आलं, पुढे त्यात ट्रेसची, म्हणजे टेस्ट नोंदवून ठेवायची, सोय झाली आणि टेस्टची प्रत्येक पायरी मागे-पुढे करून पाहता येऊ लागली. आम्ही खूश झालो. पण आमचं मोठं काम होतं एका सहकारी बँकेचं. तिथल्या मशीनना इंटरनेट नाही, काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. ट्रेस पाहायला कमांड चालवा किंवा वेबसाइट उघडा, दोन्ही बंद. आयटी विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "मला फाइल द्या. डबल क्लिक केलं की उघडली पाहिजे."

आम्ही रिपोर्टचं फोल्डर बनवून दिलं, तर पान कोरं. डिस्कवरून उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचायला ब्राउझर अडवतो, सर्व्हिस वर्करही (पानाच्या मागे चालणारी स्क्रिप्ट) तिथे चालत नाही. म्हणजे सगळं एकाच एचटीएमएल फाइलमध्ये बसवणं आलं.

पुढचे काही महिने यातच गेले. बँकेच्या पानाचं एचटीएमएल जसंच्या तसं उतरवलं, तर टाइप केलेली रक्कम त्यात येतच नाही. ती ब्राउझरच्या मेमरीत, रकान्याच्या प्रॉपर्टीत असते, एचटीएमएलच्या मजकुरात नाही. रीप्लेमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या पायऱ्या पुन्हा पाहताना, रकाना रिकामा दिसायचा आणि पाहणाऱ्याला वाटायचं, टेस्टने रक्कम भरलीच नाही. प्रत्येक रकान्यात भरलेलं मूल्य आणि स्क्रोलची जागा आम्ही वेगळी नोंदवू लागलो. मराठी फॉन्ट फाइलमध्ये नसला की मजकुराची रुंदी बदलायची, तक्ते सरकायचे. तो बेस64 करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून घातला, तर त्याचा आकार एक तृतीयांशाने वाढला. शेवटी फॉन्ट आणि स्टाइलशीट (पानाचं रूप ठरवणारे नियम) एकदाच ठेवून प्रत्येक पायरीतून फक्त त्यांचा संदर्भ द्यायचा, असं ठरलं. एकदा आख्खा रिपोर्ट मध्येच तुटला: बँकेच्या पानातला स्क्रिप्टचा बंद होणारा टॅग आमच्याच डेटात शिरला होता. तेव्हापासून डेटातलं 'लहान'चं चिन्ह (<) आम्ही एस्केप करूनच, म्हणजे ब्राउझरला टॅग वाटणार नाही अशा रूपात लिहितो.

रीप्ले सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या बंदिस्त चौकटीत, स्क्रिप्ट बंद ठेवून दाखवतो. नोंदवलेलं पान पुन्हा जिवंत होऊन कुठे विनंती पाठवायला लागलं, तर तो पुरावा राहत नाही.

खाते क्रमांक आणि पासवर्ड मात्र नोंदवतानाच झाकायचे, दाखवताना नाही, यावर मी कुणाचं ऐकलं नाही. अशी फाइल हातोहात फिरते. आत खरा आकडा असेल, तर वरचे ठिपके कुणीही बाजूला करू शकतो. यासाठी एक डिलिव्हरी आम्ही आठवडाभर उशिरा दिली आणि ते मला आजही योग्य वाटतं.

पहिली पूर्ण फाइल मॅडमनी आमच्यासमोरच उघडली. चौदाव्या पायरीवर थांबून त्या म्हणाल्या, "इथे बटण दोनदा दाबलं जातंय. नोंद दोनदा पडते ती यामुळेच." त्या दिवशी फोन करावा लागला नाही.

कॅनव्हासवर (पानात स्क्रिप्टने चित्र काढायची जागा) काढलेले आलेख अजून चित्र म्हणूनच साठवतो, ते काम बाकी आहे. परवा त्याच बँकेने ऑडिटसाठी एक जुना रिपोर्ट काढला. तो तयार करणारा आमचा सर्व्हर कधीच बंद झाला आहे. फाइल उघडली.